मामा दारात उभा असताना

चित्रपटाचा रसिक आणि लहान मुलांचा पालक एकाच खुर्चीत बसले, की त्या दोघांचे फारसे जमत नाही. रसिकाला पडद्यावरून नजर हलवायची नसते. पालकाचे अर्धे चित्त मांडीवरच्या लेकराकडे असते. दिग्दर्शकाने आपल्याला हादरवून सोडावे अशी रसिकाची अपेक्षा असते. पालकाला वाटते, निदान आज तरी नको. लग्नापूर्वी मी केवळ रसिक होते. पहिला मुलगा झाल्यापासून ही दोन्ही माणसे माझ्यात एकत्र नांदत आहेत आणि त्यांच्यातला एक जुना हिशेब मिटायचा राहिला आहे. आजच्या लेखाचा विषय नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट आहे, आणि तो पाहताना माझ्या मांडीवर बसलेला माझा सहा वर्षांचा मुलगाही आहे.

लेकराला सोबत घेऊन सिनेमा पाहणे ही गोष्ट आपल्याकडे चित्रपटाइतकीच जुनी आहे. धुंडिराज गोविंद फाळके १९१०-११च्या सुमारास गिरगावातल्या एका चित्रपटगृहात गेले तेव्हा त्यांच्यासोबत थोरला मुलगा भालचंद्र होता, असे सांगतात. पडद्यावर हालते-चालते प्राणी पाहून आलेल्या मुलाने ती नवलाई घरी सांगितली. घरच्यांचा विश्वास बसेना, म्हणून फाळके दुसऱ्या दिवशी पत्नी सरस्वतीबाईंसह सर्वांना घेऊन गेले. त्या दिवशी पडद्यावर प्रभू येशूचे चरित्र होते. ते पाहता पाहता आपल्याही देवदेवता अशाच पडद्यावर आणाव्यात हा ध्यास फाळक्यांच्या मनाने घेतला. पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, त्यात रोहिदास झाला तो हाच भालचंद्र. आणि १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटात हे सारे कुटुंब त्या नव्या खेळण्यापायी कसे वेडे झाले होते, ते मोठ्या प्रसन्नतेने दाखवले आहे. त्यात बापाचा छंद मुलांना ओझे वाटत नाही, कारण बाप मुलांना त्या छंदात सामावून घेतो. सिनेमावेड्या आईबापांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

माझे सिनेमावेड तंबूत जन्मले. नगर जिल्ह्यातल्या माझ्या माहेरगावी जत्रेच्या दिवसांत फिरती टॉकीज येई. मालमोटारीतून कापडी तंबू, पडदा, प्रक्षेपणयंत्र आणि डबाबंद रिळे उतरत. दिवसभर कर्ण्यावरून पुकारा चाले आणि अंधार पडला की तंबू भरे. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष. खाली जमीन, आपापली बसकरे ज्याने त्याने घरून आणायची. रीळ संपले की दिवे लागत आणि पोरे मुतायला धावत. या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. ‘सैराट’ आला त्याच वर्षी, म्हणजे २०१६ साली, तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची खास नोंद घेतली गेली. माझ्या बालपणीचा तो तंबू त्यात पुन्हा भेटला तेव्हा माझे डोळे भरून आले.

त्या तंबूत मी ‘माहेरची साडी’ पाहिला. विजय कोंडके यांचा १९९१ सालचा हा चित्रपट कलादृष्ट्या फारसा मोठा नाही, हे आज मला कळते. अलका कुबल यांनी रंगवलेल्या सोशिक सासुरवाशिणीच्या दुःखात इतकी भर घातली आहे, की विवेकी प्रेक्षकाने एखाद्या ठिकाणी थांबून प्रश्न विचारायला हवा. परंतु त्या रात्री बायांच्या अंगाला एकही डोळा कोरडा नव्हता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला सासर ठाऊक नव्हते, छळ ठाऊक नव्हता; पण आई रडते आहे म्हणून मी रडले. तिने पदराने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. पडद्यावर कितीही दुःख असो, मी त्या दुःखात एकटी नव्हते. तंबूतून घरी परतताना आईने वाटेत एवढेच सांगितले, ‘भाऊ आहे तोवर बाईला माहेर आहे.’ ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. मराठी चित्रपटाने आपल्याला अनेक मूर्ती दिल्या, त्यांत साडीचोळी घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिलेला भाऊ ही सर्वांत विश्वासाची मूर्ती. जात्यावरच्या ओव्यांपासून भाऊबीजेच्या ओवाळणीपर्यंत तिची मुळे पोचली आहेत. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

लग्नानंतर मी सोनारीला आले. परंडा तालुक्यातले हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी आणि गावभर निर्धास्त हिंडणाऱ्या माकडांसाठी या भागात ओळखले जाते. माझे यजमान आणि मी, दोघेही शिक्षकी पेशातले. आमच्यासारखी ख्रिस्ती घरे या परिसरात विखुरलेली. त्यामुळे मुलांचे सवंगडी, सण-समारंभ, जत्रा-यात्रा हे सारे गावाबरोबरच चालते. २०१६चा चैत्र फार कोरडा गेला. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेच ते वर्ष. आमच्या भागातल्या विहिरींनीही तळ गाठला होता. अशा दिवसांत, २९ एप्रिलला ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि सुकलेल्या मुलखात एकाएकी गाणे फुटले.

आम्हांला तर त्याचे अप्रूप अधिकच होते. आमच्या तालुक्याला लागून करमाळा तालुका. नागराज मंजुळे त्याच तालुक्यातल्या जेऊरचे. चित्रपटातला जलाशय म्हणजे आमच्या ओळखीची उजनी. करमाळ्याचा तो परिसर, ती केळीची आणि उसाची शेते, ती बोली, ‘आर्ची’च्या तोंडची ती ठसकेबाज भाषा, हे सारे आमचे होते. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात वावरणाऱ्या मराठी चित्रपटाने इतक्या वर्षांत आमच्याकडे क्वचितच पाहिले होते. आणि पाहिले तेव्हा बहुधा विनोदासाठी. अकलूजच्या रिंकू राजगुरू या शाळकरी मुलीने उभी केलेली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि कोणाच्या बापाला भीत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांच्या परीक्षकांनी तिच्या कामाची विशेष दखल घेतली ती यथायोग्यच होती. माझ्या मुलाला ट्रॅक्टरचे वेड. आर्ची ट्रॅक्टर घेऊन येते हे त्याने कोणाकडून तरी ऐकले आणि ‘मलाही न्या’ असा हट्ट धरला.

खरे सांगायचे तर हट्ट त्याच्यापेक्षा माझाच अधिक होता. त्याला ठेवायला घरी कोणी नव्हते आणि मला थांबवत नव्हते. बार्शीच्या एका चित्रपटगृहात आम्ही तिघे गेलो. प्रमाणपत्राचा तो कागद पडद्यावर झळकतो तेव्हा मी पोराला खाऊची पुडी फोडून देत होते. त्यावर काय लिहिले आहे ते मी पाहिलेच नाही. जवळजवळ तीन तासांचा चित्रपट. पहिला निम्मा भाग सारे थिएटर नाचत होते; माझा मुलगा यजमानांच्या खांद्यावर बसून नाचत होता. मध्यंतरानंतर तो पेंगला आणि माझ्या मांडीवर आला. हैदराबादची ती झोपडपट्टी, तो भांडणांचा आणि पुन्हा जुळण्याचा भाग त्याने अर्धवट झोपेत पाहिला. मग पडद्यावर आर्ची-परश्याचे बाळ आले आणि तो उठून बसला. लहान मुलांना पडद्यावरचे लहान मूल लगेच आपले वाटते.

शेवट ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो पुन्हा सांगण्याची गरज नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जातीबाहेर प्रेम करून पळून गेलेल्या आर्चीचा संसार आता मार्गी लागला आहे. तिने बऱ्याच वर्षांनी आईला फोन केला आहे. आणि एके दिवशी तिचा भाऊ चार माणसांसह माहेरच्या भेटी घेऊन दारात उभा राहतो. आर्ची लगबगीने चहा करते. बाळ शेजारणीबरोबर बाहेर गेलेले असते. हत्या आपल्याला दिसत नाही. शेजारीण बाळाला दारापाशी सोडून जाते. बाळ दुडुदुडु आत जाते आणि आईबापांना पाहते. पडद्यावरचा आवाज नाहीसा होतो. रडणारे ते बाळ बाहेर चालू लागते, आणि त्याच्या मागे रक्तात भिजलेल्या इवल्या पावलांचे ठसे उमटत जातात.

थिएटर सुन्न झाले होते. मी रसिक म्हणून थरारून गेले होते. एवढ्यात माझ्या मांडीवरून अगदी हळू आवाज आला, ‘आई, त्या बाळाला आता कोण घेणार?’

मला उत्तर देता आले नाही. मी म्हणाले, ‘सिनेमा आहे रे, खोटं असतं ते.’ आपण पालक हे वाक्य किती सहज बोलतो! मला स्वतःला ते खोटे वाटत नव्हते. तरीही मी पोराला ते खोटे म्हणून सांगितले. तिथेच माझी चूक झाली. ती थिएटरात नेण्याच्या चुकीपेक्षा मोठी होती.

महिन्याभराने, सुट्टी संपण्यापूर्वी, माझा धाकटा भाऊ भाच्याला भेटायला नगरहून आला. हातात पिशवी, पिशवीत आईने पाठवलेल्या कुरडया-पापड्या, माझ्यासाठी साडी आणि भाच्यासाठी पत्र्याचा ट्रॅक्टर. मी आत चुलीपाशी होते. कडी वाजली. पोराने खिडकीतून पाहिले आणि धावत येऊन माझ्या कमरेला मिठी मारली. ‘आई, दार उघडू नको. मामा आलाय.’

मला प्रथम कळलेच नाही. मामा म्हणजे त्याचा जीव की प्राण. मी हसत दाराकडे निघाले तर तो दारात आडवा झाला आणि ओरडू लागला. बाहेर माझा भाऊ पिशवी घेऊन उभा, आत माझा मुलगा भीतीने थरथरतो आहे, आणि मधोमध मी. कडी काढायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. पण तेवढ्या वेळात मला ‘सैराट’ कळला. त्याचे जे परीक्षण मी मनात रचून ठेवले होते, ते सारे व्यर्थ ठरले.

आधी पालकाची बाजू ठेवून रसिकाच्या बाजूने बोलते. मंजुळ्यांनी या शेवटात काय केले आहे? मराठी मनातली सर्वांत विश्वासाची मूर्ती त्यांनी उचलली: माहेरची भेट घेऊन बहिणीच्या दारात आलेला भाऊ. ‘माहेरची साडी’च्या तंबूत माझ्या आईने जे वाक्य मला दिले, त्याच वाक्याच्या आडून मारेकरी घरात येतात. आर्ची दार उघडते ते तिला अक्कल नाही म्हणून नव्हे. पिस्तूल चालवणारी, घरच्यांच्या डोळ्यांत डोळे घालणारी ती मुलगी भावासमोर गाफील होते, कारण ती आपल्याच ओव्यांत वाढली आहे. तिच्या आईने तिला कदाचित हेच सांगितले असेल. जातीची क्रूरता तलवार घेऊन आली असती तर आपण तिला ओळखले असते. ती साडी घेऊन आली, म्हणून ओळखता आली नाही. पहिल्या निम्म्या भागातली ती गाणी, ते संथ गतीने उडणारे पक्षी, तो सारा गोडवा काही समीक्षकांना पसरट वाटला. मला तो आवश्यक वाटतो. नेहमीच्या प्रेमपटाने आपल्याला जी गुंगी दिली आहे, तीच गुंगी हा चित्रपट आधी देतो. मग ती उतरवतो.

आणि खून न दाखवता बाळ दाखवणे, हा निर्णय केवळ कलेचा नाही, नीतीचाही आहे. रक्तपात दाखवला असता तर आपण मारणाऱ्यांवर संतापलो असतो आणि मोकळे झालो असतो. बाळ दाखवल्यामुळे आपण मोकळे होत नाही. ‘फँड्री’च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तिथे मुलाच्या हातात निदान दगड तरी होता. इथे बाळाच्या हातात काहीच नाही. ते आपल्या दिशेने चालत येते, एवढेच. माझ्या मुलाने विचारलेला प्रश्न हाच या चित्रपटाचा प्रश्न आहे: त्या बाळाला आता कोण घेणार? हा प्रश्न प्रौढांना विचारलेला आहे. आणि इथेच रसिकाचे बोलणे संपते व पालकाचे सुरू होते. कारण मी तो प्रश्न ऐकायला एक सहा वर्षांचे लेकरू घेऊन गेले होते.

फेब्रुवारी २०१६मध्ये ‘सैराट’ बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला तो चौदा वर्षे व त्यापुढील मुलांसाठी असलेल्या विभागात. म्हणजे मुलांनी तो पाहू नये असे तिथे कोणी म्हटले नाही. कोणत्या वयाच्या मुलांनी पाहावा, एवढे सांगितले. आपल्याकडे ‘यू/ए’ हा वर्ग १९८३पासून आहे. त्याचा अर्थ असा, की बारा वर्षांखालील मुलांना दाखवायचे की नाही याचा विचार आईबापांनी करावा. व्यवहारात आपण त्याचा अर्थ ‘आईबाप सोबत असले की चालते’ असा घेतला. २०२३च्या दुरुस्तीने त्या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले. हे उत्तम झाले. परंतु आकडा कितीही नेमका असला तरी तो वाचणारे डोळे आईबापांचेच हवेत. माझे डोळे खाऊच्या पुडीत होते.

मग लहान मुलांना दुःख दाखवूच नये काय? असा निष्कर्ष वाचकांनी काढू नये. मला तो मान्य नाही. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ आठवून पाहा. दारिद्र्य, अपमान, कर्ज, आजार आणि अखेर आईचा मृत्यू. याहून जड काय असते? तरी पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून तो मुलांना दाखवला गेला आणि मुले रडून, डोळे पुसून घरी गेली. दार उघडू नको असे कोणी म्हणाले नाही. याचे कारण माझ्या मते असे, की वनमालाबाईंची ती आई श्यामला प्रत्येक दुःखातून हात धरून नेते. ती जाते तेव्हाही तिने दिलेले काही त्याच्यापाशी उरते.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) याच कुळातला. ‘श्यामची आई’नंतर राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मराठीला मिळवून देणारा तो पहिला चित्रपट. परशुराम या कोकणातल्या मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. मुलाला हे सांगायचे की नाही? ‘अजाण आहे, कशाला सांगायचे,’ असे आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील. चित्रपटातला डॉक्टर मात्र सांगितलेच पाहिजे, यावर ठाम आहे. आणि शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला रुग्णालयातून बाहेर नेतात, ते त्याला जग डोळे भरून पाहता यावे म्हणून. अरुण नलावडे यांचे ते आजोबा आणि अश्विन चितळेचा तो परशुराम माझ्या मुलाने आठव्या वर्षी पाहिला. तो रडला. पण रात्री शांत झोपला; आणि दुसऱ्या दिवशी डोळे मिटून अंगणात चालून पाहत होता. सत्य कठोर असूनही त्याला भय वाटले नाही, कारण परशुरामचा हात आजोबांच्या हातात होता.

१९९५ साली, चित्रपटाच्या शताब्दीच्या निमित्ताने, व्हॅटिकनने धर्म, मूल्ये आणि कला या तीन गटांत ४५ चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली होती. चित्रपटांपासून सावध राहा, असे सांगण्यातच धर्मगुरूंची कित्येक दशके गेली होती; तिथे काय पाहावे हे सांगणारी यादी यावी, हे मला फार मोलाचे वाटते. तिच्यातल्या मूल्यांच्या गटात व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ आहे. सायकल चोरीला गेलेला गरीब बाप अखेर स्वतःच एक सायकल चोरतो, पकडला जातो, लोक त्याची विटंबना करतात. आणि हे सारे त्याचा लहानगा ब्रूनो पाहतो. लेकराने बापाची मानहानी पाहावी, याहून कठीण दृश्य कोणते? तरीही शेवटी गर्दीतून चालताना ब्रूनो बापाचा हात धरतो. इथे तर लेकराचा हातच बापाला सावरतो.

या तीन चित्रपटांवरून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. मुलांना दाखवायच्या चित्रपटात दुःख, मरण, अन्याय आहे की नाही, हे मी आता पाहत नाही. त्या दुःखात पडद्यावरच्या मुलाचा हात कोणी धरला आहे का, हे पाहते. धरला असेल, तर माझे मूल ते दुःख पेलू शकते. कोणीच धरला नसेल, तर तो चित्रपट वाईट ठरत नाही. ‘सैराट’ तर श्रेष्ठ आहे. मात्र असा चित्रपट प्रौढांसाठी असतो, कारण तो हात आपण धरावा असे तो आपल्याला सांगत असतो. आणि अशा वेळी शेजारी बसलेल्या आपल्या लेकराचा हात सोडून ‘खोटं असतं ते’ म्हणणे, हे त्या पडद्यावरच्या बाळाला एकटे चालू देण्यासारखेच आहे.

आज हा प्रश्न अधिक अवघड झाला आहे. तंबूत अंधार होता, पण त्या अंधारात आई शेजारी होती. आता पडदा तळहाताएवढा झाला आहे आणि मूल तो पांघरुणात घेऊन पाहते. शिवाय चित्रपट तुकड्यांनी येतो. ‘झिंगाट’ हे गाणे ‘सैराट’पासून सुटून वरातीत गेले, यात्रेत गेले, शाळांच्या स्नेहसंमेलनात गेले. तिसरीच्या मुलांचा नाच त्यावर बसवावा, असा आग्रह आमच्याकडेही झाला. मी नकार दिला नाही. ठेका निर्मळ आहे, मुलांना आवडतो. पण ती इवली पावले रंगमंचावर आपटताना पाहून मला दुसरी पावले आठवत राहिली. गाण्यातला आनंद आपण घेतला आणि त्या आनंदाची चित्रपटाने सांगितलेली किंमत विसरलो, हे काही मुलांचे पाप नव्हे.

त्या दिवशी दारात काय झाले, ते सांगायचे राहिले. मी कडी काढली. भाऊ आत आला आणि पोराची अवस्था पाहून जागीच थबकला. मी त्याला सारे सांगितले. त्याचा चेहरा उतरला. कोणत्या मामाला हे ऐकवेल? मग त्याने पिशवी खाली ठेवली, अंगणातच बसकण मारली आणि पोर आपण होऊन जवळ येईपर्यंत तो तिथून हलला नाही. तासाभराने ते आले. ‘मामा, तू आईला मारणार नाहीस ना?’ या प्रश्नाला माझ्या भावाने ‘सिनेमा खोटा असतो’ असे उत्तर दिले नाही. तो म्हणाला, ‘नाही मारणार. कधीच नाही. पण काही लोक असं करतात, बाळा. ते फार वाईट करतात.’

‘का करतात?’ हा पुढचा प्रश्न आलाच. आणि तिथे आम्ही दोघेही बहीण-भाऊ गप्प झालो. जात हा शब्द त्याला कसा सांगायचा? आम्ही शिकलेली, प्रार्थनेला बसणारी माणसे. परंतु आमच्याच नात्यातल्या एका मुलीच्या सोयरिकीची बोलणी त्याच महिन्यात चालली होती आणि ‘त्यांचं मूळचं काय?’ हा प्रश्न आमच्याच ओसरीवर, हळू आवाजात, विचारला गेला होता. विचारणाऱ्यांत मीही होते. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या आपल्या घरांतूनही हा प्रश्न पूर्णपणे गेलेला नाही, हे वाचकांना मी सांगायला नको. कोणी पिस्तूल काढत नाही, कोणी कोणाला मारत नाही. नुसते तोंड फिरवतात, पत्रिका पाठवत नाहीत, पहिल्या बाळंतपणाला नेत नाहीत. माहेरचे दार असेही बंद करता येते. भावाने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्याकडे. पोराला मी एवढेच सांगितले, ‘काही माणसांना वाटतं की आपण दुसऱ्यांपेक्षा मोठे आहोत. ते खरं नसतं. आपल्याही घरात कधी कधी तसं वाटतं; तेव्हा तू आम्हांला आठवण करून दे.’ सहा वर्षांच्या मुलाला हे कितपत कळले, ठाऊक नाही. मला मात्र कळले. ती सोयरीक पुढे झाली, आणि ती होण्यात माझ्या भावाचा वाटा मोठा होता.

मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे. गेल्या सुट्टीत त्याने आपण होऊन सांगितले, ‘आई, सैराट पुन्हा बघू. मला आठवतोय तो फक्त शेवट.’ धाकटीला मामाकडे पाठवून आम्ही दोघांनी तो घरी पाहिला. या वेळी कोणता वर्ग, किती वर्षे, सारे मी आधी वाचले. तो हसला, गाण्यांना ठेका धरला, ट्रॅक्टर आला तेव्हा माझ्याकडे पाहून लाजला. शेवटाला आवाज गेला तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पडदा काळा झाल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘ती शेजारीण. ती बाळाला दारात सोडून गेली. आत डोकावली असती तर?’

इतक्या वेळा पाहूनही त्या शेजारणीकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते.